ग्रंथालयातील संगणक कक्ष : मोजलेले आणि न मोजलेले

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ग्रंथालयातल्या संगणकांवर बोलावे हे थोडे विचित्रच. संयोजकांनीही फोनवर दोनदा विचारले, "सर, विषय नक्की हाच ना?" नक्की हाच. आम्ही नोकरीत असताना सात वर्षे विद्यापीठाच्या ग्रंथालय समितीवर होतो. त्या सात वर्षांत समितीपुढे सर्वांत जास्त वेळा आलेला विषय ग्रंथ नव्हता, नियतकालिकेही नव्हती. तो होता तळमजल्यावरचा संगणक कक्ष. निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा आम्ही तिथे जाऊन बसतो. विद्यापीठाचे नाव मात्र घेत नाही. नाव घेतले की ऐकणारा म्हणतो, 'हां, तिथलं होय!' आणि स्वतःच्या विद्यापीठाकडे बघायचे राहून जाते.

एका भेटीपासून सुरुवात करू. मूल्यांकनासाठी नॅकची समिती आली होती. नॅक स्थापन झाली १९९४ साली, पण तिची खरी धास्ती आमच्या पिढीने पुढे अनुभवली. समिती येणार म्हणून आदल्या दिवशी यंत्रांवरची प्लास्टिकची आवरणे निघाली, सगळ्या पडद्यांवर विद्यापीठाच्या कमानीचे एकच चित्र लावले गेले. मागची रांग बंद होती, म्हणून पाहुण्यांना पुढच्या दाराने आत आणायचे आणि पुढच्याच दाराने बाहेर न्यायचे असे ठरले. सगळे सुरळीत चालले होते. तेवढ्यात समितीतले एक वयस्कर प्राध्यापक थांबले आणि दाराजवळच्या टेबलाकडे बोट करून म्हणाले, "इथे कोण बसतं?" टेबल होते, खुर्ची होती, वर एक फुलदाणीही ठेवली होती. माणूस नव्हता. आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. मग कुणीतरी म्हणाले, "स्टाफ असतो, सर." त्यांनी मान हलवली आणि मंडळी पुढे गेली.

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात एक उदाहरण दिले आहे. ते आम्ही वर्षानुवर्षे वर्गात शिकवले. एक परदेशी पाहुणा ऑक्सफर्डला किंवा केंब्रिजला येतो. त्याला महाविद्यालये दाखवतात, ग्रंथालये, मैदाने, संग्रहालये, कचेऱ्या दाखवतात. सगळे बघून झाल्यावर तो विचारतो, हे ठीक आहे, पण विद्यापीठ कुठे आहे? त्याला वाटते, विद्यापीठ म्हणजे या इमारतींच्या रांगेतली आणखी एक इमारत. राइलच्या मते ही एका कोटीतली गोष्ट दुसऱ्या कोटीत टाकण्याची चूक. विद्यापीठ म्हणजे या सगळ्याची एकमेकांशी लावलेली घडी.

मुले या पाहुण्याला हसत. आता आम्हाला वाटते, तो बरा. त्याने निदान विचारले तरी! आपण यंत्रे दाखवतो, वातानुकूलन दाखवतो, जोडणीचा वेग सांगतो आणि कक्ष दाखवून झाला असे समजतो. वास्तविक ज्याला एखादी गोष्ट येत नाही, तो आत येतो आणि काम करून बाहेर पडतो, ही जी व्यवस्था, तिला संगणक कक्ष म्हणायचे. ती टेबलामागच्या माणसापासून सुरू होते, आणि तो माणूस आपण कुठे मोजतच नाही.

'मोजत नाही' हे शब्दशः घ्या. मूल्यांकनाच्या कागदपत्रांत विद्यार्थी आणि संगणक यांचे गुणोत्तर विचारले जाते. एका संगणकामागे किती विद्यार्थी, हा आकडा द्यायचा असतो. हा आकडा मिळवण्यासाठी आम्ही स्वतः यादी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो आहोत. पण कक्षात जाणकार माणूस दिवसातून किती तास असतो, असा रकाना भरल्याचे आम्हाला आठवत नाही. ज्याचा रकाना नाही त्याची चिंता कोण करणार?

यातून एक मजेशीर गोष्ट होते. म्हणजे आज मजेशीर वाटते. आमच्या कक्षात चाळीस यंत्रे होती, त्यांतली अकरा मेलेली. ती काढून टाकायची तर निर्लेखन करावे लागते. डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद शोधा, समिती नेमा, तांत्रिक अभिप्राय घ्या, घसारा काढा, लिलावाची परवानगी मागा. तोवर ते यंत्र टेबलावरच बसणार, कारण रजिस्टरप्रमाणे ते अस्तित्वात आहे. आणि रजिस्टरप्रमाणे ते आहे, म्हणून गुणोत्तरातही मोजले जाते. अकरा यंत्रे काम करीत नव्हती, पण विद्यापीठाची श्रेणी उंचावायला हातभार लावत होती! उलट, दोन-तीनशे रुपयांचा एक माऊस बिघडला तर मागणीपत्र, तीन दरपत्रके, मंजुरी. माऊस येईपर्यंत सत्र संपे. मुलांनी यावर एक उपाय काढला होता: मेलेल्या यंत्रांचे माऊस जिवंत यंत्रांना लावायचे. लेखापरीक्षणात त्यावरही आक्षेप निघाला.

आता त्या खुर्चीकडे येऊ. तिच्यावर कोण बसणार? ग्रंथालयाचा आकृतिबंध जुना. त्यात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, ग्रंथालय सहायक, लिपिक, ग्रंथालय परिचर, शिपाई आहेत. संगणक कक्षासाठी पद नाही. तांत्रिक माणसे विद्यापीठाच्या संगणक केंद्रात, आणि ते केंद्र म्हणजे वेगळा विभाग. यंत्र बंद पडले की ग्रंथालय म्हणे, यंत्रे केंद्राची. केंद्र म्हणे, खोली तुमची. मध्ये वार्षिक देखभालीचा ठेकेदार. त्याचा मुलगा तक्रार नोंदवल्यावर दोन-तीन दिवसांनी मोटारसायकलवरून येई आणि 'पार्ट मागवला आहे' असे लिहून जाई. कायद्याने नावे बदलली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानंतर ग्रंथालयाचे 'ज्ञान स्रोत केंद्र' झाले, पाटी नवी आली. पाटीखालची खुर्ची तशीच राहिली.

मग खुर्ची भरली ती दोन प्रकारांनी. एक, अकरा महिन्यांच्या आदेशावर घेतलेला कंत्राटी सहायक. त्याला काम येऊ लागले की त्याचा आदेश संपे. दोन, 'कमवा आणि शिका' योजनेतली मुले. ही योजना महाराष्ट्राचे भूषण आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकण्याची जी रीत घालून दिली, तिच्यामुळे खेड्यातली कितीतरी मुले पदवीपर्यंत पोचली. पण बागेला पाणी घालणे आणि संगणक कक्ष चालवणे ही दोन कामे एका तराजूत घालता येत नाहीत. बागेत झाडाला 'आता उठ' असे सांगावे लागत नाही. इथे वसतिगृहातल्या आपल्याच खोलीतल्या मुलाला सांगावे लागते, "अरे, तुझा तास झाला, ऊठ." तो उठत नाही. सांगणाऱ्याकडे जबाबदारी आहे, किल्ली आहे, यादीत सही आहे. अधिकार मात्र कशाचाच नाही. दोन यंत्रांचे कनेक्टर चोरीला गेले तेव्हा त्याच्याकडून लेखी खुलासा घेतला गेला. कक्षाची वेळ अर्ध्या तासाने वाढवावी असे त्यानेच सुचवले, तेव्हा 'तुझा संबंध नाही' असे उत्तर मिळाले.

वेळेचे तर विचारूच नका. काम करणारी मुले स्वतः विद्यार्थी, सकाळी त्यांचे तास असतात. म्हणून कक्ष उघडे दुपारी चारला आणि बंद होई रात्री आठला. कागदावर रोजचे चार तास. आता बघा काय होतं. मुलींच्या वसतिगृहाचे दार सातला बंद होई, म्हणजे त्यांना तीन तास. रोज गावाहून येणाऱ्यांची शेवटची एसटी साडेपाचला, त्यांना दीड तास; त्यातही पंधरा मिनिटे स्टँडपर्यंत चालायला. उरले कोण? शहरात खोली घेऊन राहणारी मुले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे स्वतःचा लॅपटॉप असे. ज्यांच्यासाठी खोली काढली त्यांनाच ती मिळू नये, असे कुणीही ठरवले नव्हते. कामाचे वेळापत्रक बसवताना ते आपोआप ठरले. समितीत आम्ही चार वर्षे 'कक्षाचा वापर कमी का?' यावर चर्चा केली, आणि एसटीचे वेळापत्रक कुणी पाहिले नाही. आम्हीही नाही.

त्या टेबलावर बसणाऱ्याला काय यावे लागते? लोकांना वाटते, यंत्र चालू-बंद करणे. आजची परिस्थिती सांगतो, कारण ती दर आठवड्याला बघतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटी पोर्टलवर असतात. मुलगी येते. तिचा आधार वडिलांच्या मोबाईलला जोडलेला. ओटीपी वडिलांच्या फोनवर जाणार, वडील रानात, तिथे रेंज नाही. रेंज येईपर्यंत पानाची मुदत संपते. मग उत्पन्नाचा दाखला चढवायचा, तर फाइल ठरवलेल्या केबीपेक्षा मोठी. ती लहान कशी करायची? नावात एका ठिकाणी 'बाई' आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. यातले एकही काम कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, आणि एक जरी अडले तर वर्षाची फी बुडते. टेबलामागचा मुलगा हे दिवसातून वीस वेळा करतो. त्याला आपण 'हजेरी बघणारा' म्हणतो.

मराठीचेही एक वेगळेच दुखणे आहे. मराठी, इतिहास, समाजशास्त्र या विषयांची मुले प्रबंधाचा मजकूर बाहेरच्या टंकलेखकाकडून जुन्या फाँटमध्ये करून आणतात. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत रोमन अक्षराचा संकेत असतो. तो फाँट कक्षातल्या यंत्रात नसेल, तर दोनशे पानांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुराडा दिसतो. पोरगी रडायला लागते. तिला वाटते, प्रबंध गेला. तो गेलेला नसतो. फाँट टाकायचा किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करायचे, एवढेच. पण हे सांगणारा हवा. इनफ्लिबनेटच्या 'शोधगंगा' भांडारात प्रबंध ठेवायचा, २०१९ पासून 'शोधशुद्धी'मार्फत साम्य तपासायचे, हे सगळे चांगलेच झाले. पण जो मजकूर यंत्राला मराठी म्हणून दिसतच नाही, त्याचे साम्य तपासणार कशाशी? अशा प्रबंधाचे साम्य अगदी नगण्य निघाले आणि मार्गदर्शकांनी पेढे वाटले, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पेढे खाल्लेही!

आता कक्षातल्या नियमांबद्दल. पहिला नियम यंत्राचाच. सार्वजनिक यंत्रांवर असे सॉफ्टवेअर बसवतात की यंत्र पुन्हा सुरू केले की ते मूळ स्थितीला जाते. कुणी व्हायरस आणला, काही उलटसुलट केले, तरी दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा कोरे. आधीच्या वापरणाऱ्याच्या फाइली पुढच्याला दिसत नाहीत, हा त्यातला आणखी एक फायदा. याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. चाळीस यंत्रे दोन मुलांनी सांभाळायची तर असे काही लागतेच. पण एम.फिल.च्या एका मुलीने दोन दिवस बसून प्रकरण टाइप केले आणि डेस्कटॉपवर ठेवले. मधल्या सुट्टीत वीज गेली, बॅटरी दमलेली, यंत्र बंद पडले. पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रकरण नव्हते. भिंतीवर सूचना होती. इंग्रजीत, आणि कपाटाच्या मागे. समितीत म्हटले गेले, "सूचना लावलेली आहे." म्हणजे आमचे कर्तव्य संपले. सूचना लावणे आणि सूचना देणे यांत फरक आहे. लावायला खिळा पुरतो, द्यायला माणूस लागतो.

दुसरा फलक आमच्याच सहीने लागला. 'संगणकाचा वापर केवळ शैक्षणिक कामासाठी करावा.' लावताना फार बरे वाटले होते. आठ दिवसांत टेबलावरचा मुलगा विचारत आला, "सर, पोलिस भरतीचा अर्ज शैक्षणिक आहे का?" आम्ही म्हणालो, नाही. "आणि बँकेच्या परीक्षेचा?" आम्ही थोडे थांबून म्हणालो, नाही. "नेटचा?" तो हो. "आणि नेट पास झाल्यावर नोकरीचा अर्ज?" आम्ही गप्प. तो काही वाद घालत नव्हता. त्याला चार वाजता खोली उघडायची होती आणि कुणाला उठवायचे ते ठरवायचे होते. आम्ही तर्कशास्त्र शिकवत होतो आणि 'शैक्षणिक' या शब्दाची व्याप्ती एका द्वितीय वर्षाच्या मुलावर सोपवून मोकळे झालो होतो.

वर, त्याच ग्रंथालयात वर्तमानपत्रांचा विभाग आहे. तिथे कुणी जागांच्या जाहिराती वाचतो, कुणी क्रिकेट, कुणी शब्दकोडे सोडवतो. तू कुठले पान वाचतोस, असे आजवर कुठल्या ग्रंथपालाने विचारले? मग पडदा आला की लगेच पाठीमागून डोकावण्याचा हक्क कसा काय मिळतो? डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने आली. त्यातले चौथे सूत्र वाचकाच्या वेळेविषयी आहे. तो वाचवायचा असतो. वाचकाच्या हेतूची चौकशी करा, असे सूत्र त्या पाचांत नाही.

हीच गत नोंदवहीची. नाव, वर्ग, मोबाईल क्रमांक, कामाचे कारण, आत-बाहेरची वेळ. ही वही दारातच उघडी असे. २०११ साली केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. ओळखपत्र पाहा, नोंद किमान एक वर्ष ठेवा, वगैरे. ते नियम व्यवसाय म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी. आमच्याकडे कुणीतरी ते वाचले आणि तसाच्या तसा तक्ता उचलून ग्रंथालयात आणला. परिणाम? मुलींचे मोबाईल क्रमांक येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला खुले. संध्याकाळी संदेश येऊ लागले. मुली कक्षात यायच्या बंद झाल्या आणि अहवालात लिहिले गेले, 'विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प'. मोबाईलचा रकाना शेवटी कुणी काढला? समितीने नाही. टेबलावर बसणाऱ्या मुलीने एके दिवशी पट्टी घेऊन तो रकाना काळ्या शाईने खोडला, पुढच्या प्रत्येक पानावर. तिला विचारणा झाली. तिने सांगितले, "सर, ओळखपत्राचा नंबर आहे ना, मोबाईल कशाला?" याला उत्तर नव्हते, म्हणून विचारणा तिथेच थांबली.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज बोलायला उभे आहोत, ती. निवृत्तीच्या थोडे आधीची. शिष्यवृत्तीचे अर्ज तेव्हा नुकतेच ऑनलाइन झाले होते. शेवटची तारीख. संध्याकाळी पाचपासून संकेतस्थळ उघडेना. राज्यभरातली मुले एकाच वेळी बसलेली. आठ वाजले. नियमाप्रमाणे कक्ष बंद करायचा. आत अकरा मुले आणि टेबलावर योजनेतला एक मुलगा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा. बाहेरचे कॅफे साडेआठ-नऊला मिटणार, आणि तिथे तासाला पैसे. मुदत रात्री बारापर्यंत. त्याने कक्ष बंद केला नाही. शिपाईमामा साडेआठला म्हणाले, "चल बाबा, कुलूप लावायचंय." तो म्हणाला, "मामा, तुम्ही जा, मी लावतो." मामा किल्ली ठेवून गेले. रात्री बारानंतर पहाऱ्यावरच्या रक्षकाला दिवे दिसले, त्याने अहवाल दिला.

दुसऱ्या दिवशी विषय समितीपुढे. वेळेनंतर विनापरवाना कक्ष उघडा ठेवला, विद्यापीठाच्या मालमत्तेची जोखीम, विजेचा वापर. सगळे खरे होते. त्याला बोलावले. त्याने कारण सांगितले. एक सदस्य म्हणाले, "कारण बरोबर असेल, पण उद्या प्रत्येक जण असं करील." हे वाक्य ऐकले की आम्हाला वर्गात कांट शिकवल्यासारखे वाटे, आणि आम्ही मान डोलावली. त्याला कक्षाच्या कामावरून काढून बागेच्या कामावर पाठवावे असे ठरले. इतिवृत्तावर आमची सही आहे.

त्याने बरोबर एक वही आणली होती. ती टेबलावर दहा मिनिटे होती. कुणी उघडली नाही. ती कक्षातली मुलांची आपापसांतली वही. पाळी बदलताना पुढच्यासाठी लिहून ठेवायची. कक्षाचे जुने कागद बांधताना ती आमच्या हाती आली, तेव्हा वाचली. 'सतरा नंबर : स्पेस बार अडकतो, जोरात दाबू नये.' 'नऊ नंबरवर मराठी फाँट टाकला आहे, प्रबंधवाल्यांना तिथे बसवणे.' 'बुधवारी एसटी लवकर आहे, गावाच्या मुलांना आधी नंबर देणे.' बघा, जे आम्हाला चार वर्षांत सुचले नाही, ते त्यांनी एका ओळीत लिहून ठेवले होते. आणि त्या रात्रीची नोंद : 'साइट ११.१० ला सुरू. ९ जणांचे अर्ज गेले. २ राहिले, बारा वाजले.'

अॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या खंडात एक उपमा दिली आहे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती कडक नसे. दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. कायदा सर्वसामान्य असतो, प्रसंग नेमका असतो, आणि जिथे दोघांचे जमत नाही तिथे कायदा करणाराच हजर असता तर त्याने काय केले असते, ते बघून निर्णय घ्यावा लागतो. हे आम्ही परीक्षेला विचारत असू, सात गुणांना. 'आठला बंद' हा नियम का होता? रात्री कुणी वापरत नाही आणि वीज जळते, म्हणून. त्या रात्री अकरा जण वापरत होते. नियम करणारे आम्हीच होतो आणि जिवंत होतो. फक्त घरी जेवत होतो. आमच्या वतीने जे ठरवायला हवे होते ते त्या पोराने ठरवले, आणि त्याच्या हाती खुरपे दिले आम्ही.

आता हमखास येणारा आक्षेप. सर, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, परिसरात वायफाय आहे, कशाला हव्यात या खोल्या? आक्षेपात तथ्य आहे. चाळीस यंत्रांची गरज आज नाही, पंधरा-वीस पुरतील. पण खोलीची गरज संपलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली. फार मोठी गोष्ट आहे. आमच्या काळात एका लेखासाठी आम्ही मुंबईला पत्र टाकून महिनाभर वाट पाहिली आहे. पण दोन स्तंभांत छापलेला तीस पानांचा लेख बोटभर पडद्यावर वाचून बघा. आणि तो शोधायचा कसा, संस्थेच्या नावाने आत शिरायचे कसे, हे पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला कोण सांगणार? कोटींचा दरवाजा उघडला आणि उंबऱ्यावर कुणी उभे नाही, अशी स्थिती आहे. वायफायचा पासवर्ड विचारायलासुद्धा मुले त्या रिकाम्या टेबलाशीच येतात.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो, कारण घड्याळ दिसते आहे. आकृतिबंधात या कक्षासाठी एक तरी कायम पद हवे, ग्रंथालयाच्या अखत्यारीत; संगणक केंद्र आणि ग्रंथालय यांच्यात चेंडू टोलवणे त्याशिवाय थांबत नाही. योजनेतली मुले हवीतच, पण त्या माणसाच्या हाताखाली, प्रत्येक पाळीत दोघे. एकटा मुलगा कुणाला उठवू शकत नाही. दोघे असले की जमते, हे मुलांनीच आम्हाला सांगितले. त्या माणसाला कक्ष दोन तास जादा उघडा ठेवण्याचा लेखी अधिकार द्या आणि महिन्याला माऊस-कीबोर्डपुरती रोख रक्कम द्या, पावतीवर. वेळापत्रक ठरवताना एसटीचे आणि वसतिगृहाचे वेळापत्रक शेजारी ठेवा. यातल्या कशालाही नवी यंत्रे लागत नाहीत. म्हणूनच बहुधा हे कुठल्या प्रस्तावात येत नाही. यंत्रांच्या खरेदीला निधी असतो, उद्घाटन असते, फीत असते. पगाराला फीत बांधता येत नाही.

मुलांची ती वही आम्ही ग्रंथपाल मॅडमना परत दिली. त्यांनी ती कक्षात ठेवली आहे, आणि अलीकडे नव्या मुलांनी तिच्यापुढे दुसरी वही सुरू केली आहे. गेल्या मंगळवारी गेलो तेव्हा पाहिले, सतरा नंबरचा स्पेस बार अजून अडकतो.

आता प्रश्न घेऊ या.